स्तनाचा कर्करोग : देशोदेशीचे भेद आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वरोरा येथे दिलेले भाषण)



प्रतिवर्षी या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वर्षाचा जमाखर्च वाचला जातो, वधू-वरांचा परिचय होतो आणि कोणा वयोवृद्ध गृहस्थाचे चार शब्द ऐकून मंडळी भोजनास उठतात. यंदा ते चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हास केली. विषय आमचा आम्हीच निवडला. तो भर सभेत, स्त्री-पुरुष एकत्र बसले असता उच्चारावा की नाही, अशी शंका एकदोन हितचिंतकांनी प्रकट केली होती. परंतु ज्या विषयाचा उच्चार न केल्याने माणसे मरतात, त्याचा उच्चार करणे हाच शिष्टाचार होय, असे आमचे मत असल्यामुळे आम्ही तो बदलला नाही.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उभा जन्म शाळेत मुलांना गणित आणि भूगोल शिकविण्यात गेला. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र आजच्या विषयाचा पुष्कळसा भाग गणिताचा आणि भूगोलाचाच आहे. एकच रोग निरनिराळ्या देशांत किती स्त्रियांना होतो, कोणत्या वयात होतो आणि त्यातून किती जणी वाचतात, हे नकाशा व पाटी पुढे ठेवून पाहिले असता जे दिसते ते आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आपले शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात, आणि हे काम नियमाने चालते. काही पेशी हा नियम मोडून बेसुमार वाढू लागल्या म्हणजे कर्करोग होतो. स्तनात ही वाढ बहुधा एका लहानशा गाठीच्या रूपाने सुरू होते. ती पुढे काखेतील गाठींत आणि तेथून हाडे, फुप्फुसे, यकृत यांत पसरते. गाठ स्तनापुरती आहे तोवर रोग बरा होण्याची आशा फार मोठी असते. तो दूर पसरल्यावर आयुष्य वाढविता येते, परंतु रोग समूळ घालविणे क्वचितच साधते. पुढे जे सांगणार आहोत ते समजण्यास एवढे पुरे.

आता भूगोलाकडे वळू. हा रोग सर्व देशांत सारखा आढळत नाही. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या संपन्न देशांत त्याचे प्रमाण अधिक, तर आशिया व आफ्रिका खंडांत कमी. अमेरिकेत सुमारे आठ स्त्रियांमागे एकीला तो आयुष्यात केव्हातरी होतो. आपल्या देशात हेच प्रमाण सुमारे अठ्ठावीस-तीस स्त्रियांमागे एक असे धरले जाते, आणि त्यातही शहरांत जास्त व खेड्यांत कमी असते.

हा भेद रक्ताचा की राहणीचा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचे उत्तर स्थलांतर केलेल्या लोकांनी दिले. जपानात या रोगाचे प्रमाण पूर्वी फारच कमी होते. तेथून हवाई बेटांत व कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या कुटुंबांच्या पुढील पिढ्यांत ते वाढत वाढत अमेरिकन स्त्रियांच्या जवळ गेले. रक्त तेच असून केवळ देश व राहणी बदलली, त्यासरशी रोगाचे प्रमाणही बदलले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. त्या कामात डॉ. जस्सावाला यांनी निरनिराळ्या समाजांचे आकडे वेगवेगळे मांडून पाहिले, तेव्हा एकाच शहरात पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक असल्याचे आढळले. पारशी समाजात विवाह उशिरा होत, अपत्ये थोडी असत आणि शिक्षण व सुबत्ता अधिक होती. ब्रिटनमधील जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने १९२६ साली सुमारे पाचशे रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना केली होती, तिचा निष्कर्षही याच दिशेचा होता. उशिरा आलेले पहिले मातृत्व, थोडी अपत्ये, अल्प स्तनपान, पाळी लवकर सुरू होऊन उशिरा थांबणे, ऋतुनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा आणि मद्यपान या गोष्टींनी हा रोग होण्याचा संभव वाढतो, हे आता सर्वमान्य आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, मुलींना लवकर उजवावे आणि शिक्षणापासून दूर ठेवावे. शिक्षणाने रोगाचा संभव किंचित वाढत असेल. पण रोग ओळखण्याची व त्यातून वाचण्याची शक्ती त्याहून कितीतरी पटींनी वाढते. ते कसे, हे पुढील आकड्यांवरून स्पष्ट होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२२ सालचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत म्हटले आहे की, अतिविकसित देशांत बारा स्त्रियांमागे एकीला आयुष्यात हा रोग होतो आणि एकाहत्तर स्त्रियांमागे एक त्याने मरण पावते. सर्वांत मागासलेल्या देशांत सत्तावीस स्त्रियांमागे एकीला रोग होतो, परंतु अठ्ठेचाळीस स्त्रियांमागे एक मरण पावते. विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी त्रैराशिक मांडून पाहावे. श्रीमंत देशात रोग झालेल्या सहा स्त्रियांतून एक दगावते. दरिद्री देशात रोग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. म्हणजे रोग कमी आणि मरण मात्र जास्त, असा हा विपरीत हिशेब आहे.

आपला देश या दोन टोकांच्या मध्ये येतो. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या, असा अंदाज आहे. २०१० ते २०१४ या काळात रोगनिदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण अमेरिकेत शेकडा नव्वद, तर भारतात शेकडा सहासष्ट इतके आढळले. हे शेकडा चोवीसचे अंतर कशाने पडले, हा आजच्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे.

काही विद्वान म्हणतात की, रोगच वेगळ्या जातीचा आहे. यात तथ्यांश आहे. आपल्याकडील रुग्ण स्त्रियांचे सरासरी वय पाश्चात्य स्त्रियांच्या मानाने सुमारे दहा वर्षांनी कमी असते. तेथे साठीच्या आसपास, तर येथे पंचेचाळीस ते पन्नासच्या घरात. याचे एक कारण असे की, आपली लोकसंख्याच तरुण आहे. तरुण स्त्रिया अधिक, म्हणून रुग्णांतही तरुण अधिक. दुसरा भेद गाठीच्या गुणधर्माचा. पुष्कळ गाठी शरीरातील स्त्री-संप्रेरकांवर पोसतात; त्यांवर त्या संप्रेरकाची वाट अडविणारी गोळी लागू पडते. काही गाठींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असते. त्यांच्यासाठी निराळे इंजेक्शन आहे. ज्या गाठीत यांपैकी कोणतीच खूण सापडत नाही तिला डॉक्टर ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ती अधिक वेगाने वाढते, आणि तिच्यावर प्रामुख्याने केमोथेरपीचाच आधार असतो. पाश्चात्य देशांत अशा गाठी शेकडा दहा ते पंधरा, तर आपल्याकडील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत चतुर्थांश ते तृतीयांशापर्यंत आढळतात.

परंतु हा भेदही सर्वस्वी निसर्गाचा नाही. तरुण वयात अशा गाठी कोठेही अधिक असतात. शिवाय काढलेली गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये नीट ठेवली नाही, तर तिच्यावरील खुणा पुसल्या जातात आणि ज्या गाठीला गोळी लागू पडली असती ती निरुपयोगी म्हणून नोंदली जाते. म्हणून रोगाच्या जातीकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. रोग कितीही उग्र असो, तो कोणत्या अवस्थेत डॉक्टरांपुढे आला यावर बरेचसे अवलंबून असते. पाश्चात्य देशांत बहुसंख्य स्त्रिया गाठ लहान असतानाच येतात. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास स्त्रिया गाठ मोठी होऊन, काखेत उतरून, प्रसंगी त्वचा फाटून व्रण झाल्यावर येतात.

उपचारांतील भेदही यातूनच निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शस्त्रवैद्य हालस्टेड यांनी स्तन, त्याखालचे स्नायू व काखेतील गाठी एकदम काढून टाकण्याची पद्धत रूढ केली आणि ती पाऊणशे वर्षे जगभर चालली. पुढे अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उम्बेर्तो वेरोनेसी यांनी शास्त्रशुद्ध तुलना करून दाखविले की, लहान गाठ असल्यास तेवढीच गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच जगते. वीस वर्षांनंतरचे त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आणि पक्के ठरले. तेव्हापासून पाश्चात्य देशांत बहुतेक स्त्रियांचा स्तन वाचतो. आपल्याकडे अजूनही फार मोठ्या संख्येने संपूर्ण स्तन काढावा लागतो. याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे गाठच मोठी झालेली असते. दुसरे म्हणजे गाठ तेवढी काढली तर पुढे किरणोपचार, ज्याला आपले लोक शेक म्हणतात, तो टाळता येत नाही.

पूर्वी हा शेक पाच आठवडे, पंचवीस खेपा घ्यावा लागे. वरोऱ्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. येथील बाईला तेथे महिना-सव्वा महिना बिऱ्हाड करावे लागे. मग सिरोंचा-भामरागडच्या बाईची काय कथा! ब्रिटिश संशोधकांनी २००८ च्या सुमारास तीन आठवड्यांत पंधरा खेपा पुरतात असे सिद्ध केले, आणि २०२० साली निवडक रुग्णांस एका आठवड्यात पाच खेपांनीही काम भागते असे दाखविले. श्रीमंत देशातील या शोधाचा खरा लाभ आमच्यासारख्या वनप्रदेशातील रुग्णांस आहे. आपल्या आप्तांपैकी कोणास शेक घेण्याची वेळ आली, तर कमी खेपांत भागेल काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

औषधांचेही असेच आहे. संप्रेरकावर पोसणाऱ्या गाठीसाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी ब्रिटनमध्ये निघाली. ती स्वस्त आहे, परंतु पाच वर्षे किंवा अधिक काळ नेमाने घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडणे घातक होय. हर-टू गाठीवरील ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली आले. त्याची किंमत आपल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. २०१४ च्या सुमारास बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने देशी पर्याय काढल्यापासून किंमत खाली येऊ लागली.

आपण केवळ घेणारेच आहोत असेही नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती बधिर करण्याचे साधे, अल्प किमतीचे औषध टोचून पाहिले. सोळाशे स्त्रियांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर, इंजेक्शन न मिळालेल्या स्त्रियांपैकी शेकडा ८६.४, तर मिळालेल्यांपैकी शेकडा ९०.१ जिवंत होत्या.

आता रोग लवकर कसा सापडावा, याविषयी. ब्रिटनने १९८८ पासून पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांची दर तीन वर्षांनी यंत्राने, म्हणजे मॅमोग्राफीने, तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. आपल्या देशात अशी यंत्रे गावोगावी नेणे व त्यांची चित्रे वाचणारे तज्ज्ञ मिळणे कठीण आहे. शिवाय तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनात यंत्रालाही नीट दिसत नाही. मग स्त्रीने स्वतःच चाचपून पाहावे काय? चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक गिरणी-कामगार स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. २००२ साली असे आढळले की, केवळ स्वतः तपासण्याच्या शिकवणुकीने मृत्यू घटले नाहीत.

टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरा मार्ग धरला. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आला. तपासलेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट शेकडा पंधरा दिसली, ती गणिताच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. परंतु पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे शेकडा तीसने घटले. यंत्र नाही, वीज नाही, केवळ शिकविलेले हात! या हातांची योग्यता आपण ओळखली पाहिजे.

खेड्यांविषयी बार्शीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा नोंद करू, असे म्हणत तेथील कार्यकर्ते बसून राहिले नाहीत. ते गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि रुग्णांना तपासणीस आणले. लोक अडाणी आहेत असे म्हणून स्वस्थ बसण्यापेक्षा त्यांच्या ओसरीवर जाऊन बोलणे फलदायी होते, हा त्यातील बोध.

आमच्या या मुलखात बोलण्याचीच वाण आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी स्त्रियांच्या आजारांची पाहणी केली; ती १९८९ साली लंडनच्या 'लान्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, परंतु पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ होत्या. ती पाहणी स्तनाच्या रोगाची नव्हती. पण स्त्री आपले दुखणे किती मुकाट्याने सोसते, याचे तिच्याइतके चांगले माप आम्हास ठाऊक नाही. धानाची रोवणी होऊ द्या, कापसाची वेचणी आटोपू द्या, पोराची परीक्षा होऊ द्या, मग पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. त्यातून ही गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही; आणि जे दुखत नाही ते दुखणे कसले, अशी आपली समजूत!

भगिनींनो, आता जे सांगणार आहोत ते कटू आहे, पण ज्ञातीच्या सभेत नाही तर दुसऱ्या कोठे सांगावे? आमच्या माहितीच्या एका कुटुंबात आईला स्तनात गाठ लागली. थोरल्या मुलीचे जमत आले होते. आईच्या आजाराचा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, या भीतीने त्या माउलीने अकरा महिने तोंड उघडले नाही. मुलगी सासरी गेल्यावर तिने पदर बाजूस करून दाखविले, तोवर रोग हाडांत उतरला होता. मुलीच्या पहिल्या दिवाळसणास ती हयात नव्हती. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. अशी घरे कोणत्याही तालुक्यात सापडतील. तिला रोगाने मारले हे खरे, पण अकरा महिने गप्प कोणी बसविले? आपण, म्हणजे सोयरिकी जुळविणाऱ्या व मोडणाऱ्या आपल्या समाजाने बसविले.

शास्त्र काय सांगते ते ऐका. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्ण स्त्रीच्या ताटात जेवल्याने, तिचे लुगडे नेसल्याने, तिच्याजवळ निजल्याने तो होत नाही. आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण शंभरांत अवघे पाच ते दहा असतात, आणि तो दोष वडिलांकडूनही येऊ शकतो. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. तेव्हा मुलीच्या आईला हा रोग झाला म्हणून मुलगी नाकारणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. वरोऱ्याच्या माणसास तर हे शिकवावयास नको. येथेच बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. रोगाला भिऊन माणसास टाकू नये, याचा धडा सारे जग या गावी येऊन घेऊन गेले. गावाने जगास दिलेला धडा गावच्या सोयरिकींत उतरू नये काय?

यास्तव मंडळापुढे आम्ही चार विनंत्या ठेवतो.

पहिली ही की, वधू-वर परिचयाच्या कार्यात आईच्या वा आत्या-मावशीच्या या आजारावरून स्थळ नाकारणे मंडळास मान्य नाही, असा ठराव याच संमेलनात व्हावा.

दुसरी, प्रतिवर्षी महिला मेळाव्यास जोडून तिशी उलटलेल्या भगिनींची तपासणी प्रशिक्षित परिचारिकांकडून किंवा स्त्री-डॉक्टरांकडून व्हावी. तिशीवरील स्त्रियांची तपासणी शासनाच्या कार्यक्रमातही अंतर्भूत आहे. आशाताईंस विचारल्यास त्या वाट दाखवितील.

तिसरी, मंडळाच्या शिष्यवृत्ती-निधीप्रमाणे एक लहानसा साहाय्यनिधी असावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, जी २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा खर्च भागू शकतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय व जामठा येथील संस्था आपल्या टप्प्यात आहेत. परंतु सोबत्याची बुडालेली मजुरी, परगावचे राहणे, मागे राहिलेल्या लेकरांचे जेवण यांचा हिशेब कोणत्याही योजनेत पुरता बसत नाही. तो ज्ञातीने उचलावा.

चौथी विनंती पुरुषांस. घरातील स्त्रीने गाठ, स्तनाच्या कातडीवर पडलेला खळगा, आत ओढलेले किंवा रक्त येणारे स्तनाग्र, काखेतील सूज यांपैकी काहीही सांगितले, तर पंधरा दिवसांच्या आत तिला स्वतः दवाखान्यात न्यावे. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हे तिला सांगून धीर द्यावा; परंतु सुईची तपासणी झाल्याखेरीज स्वतः तसा निर्णय करू नये. सुई लावल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे.

देशादेशांतील अंतर पुष्कळ आहे. मोठी यंत्रे, महागडी औषधे आणि तज्ज्ञांची संख्या यांत आपण मागे आहोत, आणि ती उणीव भरून काढणे शासनाचे काम आहे. पण गाठ हातास लागल्यापासून डॉक्टरांना दाखवीपर्यंत जो काळ जातो, तो कोणत्याही सरकारच्या हाती नाही. तो घराच्या हाती आहे, सासूच्या, नवऱ्याच्या, सुनेच्या आणि सोयऱ्यांच्या हाती आहे. अकरा महिन्यांचे पंधरा दिवस करण्यास एक पैसाही लागत नाही.

कार्यकारिणीने आमचा पहिला ठराव आजच सभेपुढे ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.